चोवीसच्या पुढे

सेल्समननं विचारलं, रोजचे मैल किती?
क्रेग त्याचं नाव. टायवर अंड्याचा डाग.
चव्वेचाळीस, मी म्हटलं,
हडर्सफील्ड ते रॉचडेल, आणि परत.
मग डिझेलच घ्या, म्हणाला.
हल्ली फारसं कुणी घेत नाही,
पण तुमचा रस्ता डिझेलचा आहे.
जवळच्या जवळ फिरवलं
तर ते आतल्या आत काजळी धरतं.

मी सही केली.
नणंदेला द्यायची उत्तरं मनात तयार होती:
हो, राखाडी. हो, हप्त्यांवर. नाही, विजेची नाही.

पहिले काही आठवडे
माझा जीव अ‍ॅव्हरेजच्या आकड्यात अडकलेला.
काटा पासष्टच्या वर नाही, सहावा गिअर, डावी लेन,
पुढे बिस्किटांची लॉरी
आणि तिच्या आडोशानं मी, बदकाच्या पिलासारखी.
छप्पन पॉइंट दोन. छप्पन पॉइंट चार.
चढावर पाय जरा दाबला की त्रेपन्न
आणि माझं तोंड दूध नासल्यासारखं.
रिकाम्या रस्त्यावर मधल्या लेनमध्ये
तळ ठोकून बसणाऱ्यांचा मला फार राग येतो.
कधी कधी ती मीच असते.

बावीस आणि तेवीसच्या मध्ये
मोटरवे दुभंगतो.
जाणारे इकडून, येणारे तिकडून,
मधे एक शेतघर, मेंढ्या,
दोरीवर उलटी टांगलेली निळी पँट.
तिथे वारा आडवा येतो.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, रेडिओ बंद.
पँट आहे का, तेवढं बघायचं.

खुर्ची नंबर सात: मिस्टर एन्टविसल.
एकतीस वर्षं लॉरी चालवली.
आता सोमवार-बुधवार-शुक्रवार
चार चार तास रक्त गाळून घ्यायचे आमच्या मशीनवर.
मी सुई टोचताना विचारायचे,
काय म्हणतंय अ‍ॅव्हरेज?
आकडा ऐकून असे खूश व्हायचे
जसे त्यांच्याच खिशातले पैसे वाचले.
त्यांनीच शिकवलं:
लॉरी तुला ओलांडून गेली
आणि तिची शेपूट पुरती सुटली
की दिव्याची एक उघडझाप कर.
त्याला मागचं दिसत नाही, पोरी.
ये आत, जागा आहे, एवढंच सांगायचं.
तो डावा-उजवा-डावा करून आभार मानेल.
कुणी नाही मानले तर त्याची आई काढायची नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी
त्यांनी गुंडाळलेली बाही खाली केली.
म्हणाले, बास.
डॉक्टर बोलले. मुलगी बोलली, मग रडली.
मी फॉर्म भरला.
त्यात एक चौकोन असतो, फुली मारायला.
कोटाची उजवी बाही त्यांना सापडत नव्हती, ती धरली.
जाताना विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, सत्तावन्न.
होतं पंचावन्न.

त्या संध्याकाळी घाट चढून वर आले
आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.
फिल्टर भरला आहे. गाडी चालवत राहा.
गाडी इंग्रजीत बोलते माझ्याशी,
पण हे मराठीत ऐकू आलं.

चोवीस आलं. माझं वळण.
घरी अभिरामनं कुकर लावला असणार,
तिसऱ्या शिट्टीला खिडकीशी येऊन बघत असणार.
मी इंडिकेटर दिला नाही.
पंचवीस.
पाचवा गिअर, दोन हजारांवर काटा,
इंजिनाचा आवाज जरा जाड झालेला.
खाली कुठेतरी, माझ्या पायांच्याही खाली,
महिनाभराचं काळं जळत होतं.
सव्वीस. सत्तावीस.
या बाजूला मी कधी येत नाही.
पाट्यांवरची नावं ओळखीची, गावं अनोळखी.

मग उजवीकडून एक लॉरी आली,
लांब, ओली, संपता संपेना.
तिचं मागचं चाक माझ्या पुढे गेलं,
मडफ्लॅपही गेला.
मी दिव्याची उघडझाप केली.

डावा.
उजवा.
डावा.

पिवळा दिवा केव्हा विझला, पाहिलं नाही.
अठ्ठाविसाला वळून परत निघाले.
भात गार झाला होता.
अ‍ॅव्हरेज एकोणपन्नास.